पऱ्हाटीचा ढीग आणि पदवीचा कागद

पूर्णा नदीवरचे येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. ते काठोकाठ भरले की त्यात सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी साठते. पायथ्याच्या वीजघरात तीन संच असून त्यांची एकूण क्षमता साडेबावीस मेगावॅट आहे. येथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी पुढच्या शिवारांत पसरते. साठा आमच्याकडे, पीक खाली, असे आमच्याकडची जुनी माणसे हसत हसत म्हणतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या बोलण्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. पोरेही शिकून खालीच जातात. कुणी परभणीला, कुणी छत्रपती संभाजीनगरला, कुणी पुण्याला, कुणी आखातात. जे जात नाहीत ते भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत चहाच्या टपरीवर बसतात आणि त्यांच्या अम्मी घरात बसून वजीफे पढतात.

मी जिंतूरमध्ये शिक्षक आहे. माझी मोठी बहीण येलदरीजवळ दिली आहे. दुलाभाईंची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. त्यात कापूस, तूर आणि सोयाबीन होते. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बी.एस्सी. करतो. त्याच्यावरून आमच्या घरात वर्षभर जी चर्चा झाली ती केवळ आमच्या घरापुरती नाही, असे वाटते म्हणून हा लेख लिहितो आहे.

चर्चेचे मूळ त्याच्या एका वहीत होते. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाबाबत निर्देश दिले. त्यानुसार पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीसाठी पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम ठरवला. त्यात प्रत्यक्ष पाहणीचा भागही ठेवला. हेतू चांगला होता. पण बऱ्याच ठिकाणी या प्रकल्पाची तयार वही झेरॉक्सच्या दुकानात मिळते. मुले ती उतरवून काढतात, वर्तमानपत्रातली दोन चित्रे चिकटवतात आणि गुण घेऊन मोकळी होतात. भाच्याने मात्र खरोखर पाहणी केली. त्याने विषय घेतला, आपल्या शिवारात काय काय जाळले जाते.

त्याच्या यादीत पहिली होती पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की शेतात काड्या उभ्या राहतात. एका हेक्टरमागे साधारण दोन ते तीन टन वाळलेली पऱ्हाटी निघते. म्हणजे दहा एकर कापूस असलेल्या घरी आठ ते बारा टन. त्यानंतर तुराट्या, आणि मग सोयाबीनचे भुसकट. शेवटी धरणाच्या काठावर मासळी साफ केल्यावर उरणारी आतडी, खवले आणि डोकी. ती कुत्र्यांना जातात किंवा तिथेच सडतात.

वही वाचताना माझी अम्मी जवळ बसली होती. ती म्हणाली, "जाळायची कशाला? आम्ही तर पऱ्हाटीचा एक काटका वाया जाऊ देत नव्हतो. याच काड्यांवर तुम्हा सगळ्यांच्या भाकरी भाजल्या." तिचे म्हणणे बरोबर होते आणि त्यातच बदलाचे कारणही होते. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गावोगाव गॅस पोहोचला. बायकांच्या डोळ्यांचा आणि छातीचा धूर कमी झाला, याबद्दल अल्लाहचे आभारच मानायला हवेत. पण त्याबरोबर पऱ्हाटीचे घरातले काम कमी झाले. आता ती बांधावर रचली जाते आणि पुढच्या पेरणीआधी पेटवली जाते.

पेटवण्यात तोटा आहे आणि उभी ठेवण्यातही आहे. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कापसाचे जे नुकसान केले ते आमच्या भागातले शेतकरी विसरलेले नाहीत. फरदड घेण्याच्या लोभाने पऱ्हाटी उभी ठेवली किंवा उपटून बांधावर तशीच टाकली, की अळी त्यात आसरा घेते आणि पुढच्या हंगामात परत येते. म्हणून वेळेवर पऱ्हाटी काढून तिची विल्हेवाट लावा, असे कृषी विद्यापीठे सांगतात. शेतकऱ्याची अडचण एवढीच की उपटायला मजूर लागतो, मजुराला पैसे लागतात आणि हाती काही येत नाही. जिथे एका माणसाला एखादी वस्तू दूर करायला पैसे मोजावे लागतात आणि दुसऱ्याला तीच वस्तू विकत घ्यावी लागते, तिथे धंद्याची जागा असते. आपल्या पदवीधर मुलांना ही जागा दाखवणारे कुणी भेटत नाही.

भाचा म्हणाला, "मामू, मला याचा कोळसा करून विकायचा आहे."

दुलाभाई जेवत होते. हातातला घास थांबला. "मास्तर, ऐकलं का? पंधरा वर्षं शिकवलं, आता पोरगा कोळसा विकणार. उद्या याचं लग्न ठरवायला जाऊ तेव्हा काय सांगू?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या समाजात मुलाच्या पदवीवर आईबापांनी दागिने मोडलेले असतात. त्यांना पंख्याखालची खुर्ची हवी असते. त्यांना चूक ठरवून चालत नाही. त्यांच्या मनातली भीती खरी आहे. फक्त ती भीती कष्टाची आहे की अपमानाची, हे पाहायला हवे.

अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेला एक प्रसंग मी त्या रात्री सांगितला. एक अन्सारी माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आला. घरात काय आहे, असे त्याला विचारले गेले. एक जाड कापड, जे अर्धे पांघरायचे आणि अर्धे अंथरायचे, आणि पाणी प्यायचे एक लाकडी भांडे, एवढेच होते. प्रेषितांनी (स.) दोन्ही वस्तू मागवल्या, जमलेल्यांत त्यांचा लिलाव केला आणि त्या दोन दिरहमला गेल्या. एका दिरहमचे घरच्यांसाठी धान्य घ्यायला सांगितले आणि दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते. त्या पात्याला आपल्या हाताने दांडा बसवून दिला आणि त्या माणसाला लाकडे तोडून विकायला पाठवले. पंधरा दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

या प्रसंगात किती गोष्टी आहेत! मागणाऱ्याला दान देऊन परत पाठवले नाही. त्याच्या घरात जे होते त्यातूनच भांडवल उभे केले. आधी घरचे पोट, मग अवजार. धंदा निवडला तो ज्याला गिऱ्हाईक रोजचे होते, म्हणजे सरपणाचा. आणि मुदत ठरवून दिली. दुलाभाई थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याच्याजवळ पदवी नव्हती." आपा पाणी देताना म्हणाली, "पदवी आहे म्हणून कुऱ्हाड धरायची नाही, असं कुठे लिहिलंय?"

शेवटी असे ठरले की कॉलेज सांभाळून एक हंगाम करून पाहायचा. मुदत होळीपर्यंत. हिशेब महिन्याला सगळ्यांसमोर.

कोळसा करण्याची पद्धत आमच्या भाच्याने शोधलेली नाही. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये आरती ही संस्था स्थापन केली. शेतातल्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी या संस्थेला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पुढे २००६ मध्ये घरगुती बायोगॅस संयंत्रासाठी तोच पुरस्कार पुन्हा मिळाला. कोळशाचे तत्त्व सोपे आहे. वाळलेल्या काड्या लोखंडी डब्यात भरायच्या, बाहेरून तापवायच्या आणि आत हवा जाऊ द्यायची नाही. हवा मिळाली की राख होते, नाही मिळाली की कोळसा उरतो. साधारण वजनाचा पाव हिस्सा हाती येतो. जो चुरा पडतो त्यात खळ मिसळून वड्या दाबता येतात. दिल्लीच्या विद्युत मोहन यांच्या टकाचार या उद्योगाला २०२१ मध्ये अर्थशॉट हा मोठा जागतिक पुरस्कार मिळाला, तोही पिकांचे अवशेष जाळण्याऐवजी शेताजवळच इंधन आणि खतात बदलणाऱ्या छोट्या यंत्रासाठी. म्हणजे आमच्या बांधावर जे पेटते त्यावर जगभरातले हुशार लोक डोके चालवत आहेत.

कापसाच्या काड्यांवर तर मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बरीच वर्षे काम झाले आहे. त्यांच्यापासून पार्टिकल बोर्ड, पेलेट, ब्रिकेट, अळंबीसाठी माध्यम आणि खत होते. पण मोठे ब्रिकेट यंत्र घ्यायला लाखो रुपये लागतात. विद्यार्थ्याने तिथून सुरुवात करायची नसते.

भाच्याने सुरुवात गिऱ्हाइकापासून केली. हे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. डबे आणण्याआधी तो आठ दिवस जिंतूरच्या बाजारात फिरला. कोळसा कोण घेतो? इस्त्रीवाले घेतात. कबाबवाले आणि तंदूरवाले घेतात, रमजानमध्ये दुप्पट. अत्तराच्या दुकानात लोबान आणि ऊद जाळायला छोट्या वड्या लागतात. लोहारही घेतो, पण त्याला फार कडक कोळसा हवा असतो, तो आमच्याकडे होणार नव्हता. प्रत्येकाला विचारून त्याने वहीत लिहिले की आता कुठून घेता, महिन्याला किती, तक्रार काय. इस्त्रीवाल्यांची तक्रार ठिणग्यांची होती. कबाबवाल्याची तक्रार होती की पोत्यात तळाला दगड आणि माती निघते.

इथे एक प्रश्न उभा राहिला आणि तो भाच्यानेच काढला. कापसावर फवारण्या फार होतात. त्या काड्यांच्या कोळशावर खाण्याची वस्तू भाजावी का? कोळसा होताना काड्या खूप तापतात हे खरे, पण तपासणी केल्याशिवाय लोकांच्या पोटात जाणाऱ्या वस्तूला तो द्यायचा नाही, असे त्याने ठरवले. पऱ्हाटीचा कोळसा फक्त इस्त्रीवाल्यांना. कबाबवाल्यांना आपल्या शेतातल्या तुराट्यांचा, कारण त्यावर काय आणि किती फवारले ते घरात माहीत होते. पोती वेगळी, रंगीत दोऱ्याने शिवलेली. माल कमी झाला, काम वाढले. आपण हलाल हा शब्द मांसापुरता वापरतो. कुरआनने हलालसोबत तय्यब म्हटले आहे, म्हणजे शुद्ध आणि हितकारक. गिऱ्हाइकाला न दिसणारी गोष्ट विक्रेत्याने सांभाळणे, हे तय्यबचे पहिले लक्षण आहे, असे मला वाटते. पर्यावरणाच्या नावावर धंदा करणाऱ्याने तर हे अधिकच पाळले पाहिजे.

आता पैशाचा प्रश्न. तरुणांना सगळे आधी योजना सांगतात. योजना आहेतही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील अल्पसंख्याक उमेदवाराला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्के असतो. पण मधला भाग बँकेचे कर्ज असतो आणि त्यावर व्याज येते. आपल्यातली अनेक कुटुंबे इथे थबकतात. काही जण थबकतात आणि तिथेच बसून राहतात. हे दुसरे मला पटत नाही. व्याज टाळायचे असेल तर त्याच्या जागी काय, हेही शरीअतने सांगितले आहे. ते आपण वाचायला हवे.

मुदारबा म्हणजे एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत. नफ्याचा वाटा आधी ठरतो, तोही प्रमाणात. ठरावीक रकमेची हमी देता येत नाही. तोटा झाला आणि त्यात मेहनत करणाऱ्याचा निष्काळजीपणा नसेल, तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा. मेहनतवाल्याची मेहनत गेली. मुशारका म्हणजे सगळ्यांचे भांडवल, आणि तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात. प्रेषितपदापूर्वी मुहम्मद (स.) हे हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामला व्यापाराला गेले होते, ती व्यवस्था याच जातीची. भांडवल एका कर्तबगार बाईचे होते, हेही आपल्या मुलींना सांगण्यासारखे आहे.

आमच्याकडे तिघांनी दहा-दहा हजार घातले. मी, दुलाभाईंचे चुलतभाऊ आणि अम्मी. अम्मीने गाठीला बांधलेले पैसे काढले तेव्हा दुलाभाई खाली मान घालून बसले होते. नफ्यात साठ टक्के भाच्याचे, चाळीस टक्के आम्हा तिघांचे. कागद केला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. घरच्या घरात कागद कशाला, असे एकाने म्हटलेच. कुरआनमधली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. अल्लाहने ज्या गोष्टीला एवढी जागा दिली ती आपण लाजेखातर सोडून देतो आणि मग भावाभावांत बोलणे बंद होते.

पहिला महिना वाईट गेला. एका डब्याच्या झाकणाला फट राहिली आणि सगळी राख निघाली. एकदा अवकाळी पाऊस आला आणि ताडपत्रीखालच्या तुराट्या भिजल्या. ओल्या काड्यांना धूर फार होतो. शेजारच्या शेतातल्या काकांनी येऊन खडसावले, आणि त्यांचे बरोबर होते. पर्यावरणाचा धंदा शेजाऱ्याच्या डोळ्यात धूर घालून करता येत नाही. मग काड्या नीट वाळल्यावरच भट्टी, वारा गावाकडे असेल त्या दिवशी बंद, आणि डब्यातून निघणारा धूर खालच्या जाळात वळवून तिथेच जाळायचा, असे नियम त्याने स्वतःला घालून घेतले. निघणारा वायू जाळात वळवल्यावर सरपणही कमी लागू लागले. हे त्याला कॉलेजच्या रसायनशास्त्रातून समजले, वही उतरवून समजले नसते.

होळीपर्यंत साडेसहा क्विंटल माल गेला. विक्री सव्वीस हजार. पोती, वाहतूक, खळ, मजुरी मिळून खर्च नऊ हजार. डबे गंजणार म्हणून झीज तीन हजार बाजूला. नफा चौदा हजार. त्यातले आठ हजार चारशे भाच्याचे, बाकी आमचे. दुलाभाईंनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "एवढ्या दिवसांत रोजंदारीवर यापेक्षा जास्त मिळाले असते."

हे खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. कोळशाच्या दोन डब्यांवर कुणाचे घर चालत नाही. तरुणांना स्टार्टअपच्या मोठ्या गोष्टी सांगणारे हा भाग सांगत नाहीत. पण भाच्याने जे उत्तर दिले ते मला पदवीच्या कुठल्याही उत्तरपत्रिकेपेक्षा चांगले वाटले. तो म्हणाला, "अब्बा, रोजंदारी केली असती तर पुढच्या वर्षी परत रोजंदारीच केली असती. आता मला सात गिऱ्हाइके ओळखतात, आणि कोळशात पैसा थोडा आहे हेही कळले. जास्त पैसा पऱ्हाटी काढण्यात आहे."

त्याने हंगामभर शेतकऱ्यांशी बोलून हे ताडले होते. कोळशाला त्याने वर्षभरात जेवढ्या काड्या वापरल्या तेवढ्या एका मोठ्या शेतातच निघतात. शेतकऱ्याला मुळात हवे आहे ते रान वेळेवर मोकळे होणे. ट्रॅक्टरवर चालणारे कुट्टी यंत्र पऱ्हाटीचे बारीक तुकडे करते. ते मातीत मिसळले की सेंद्रिय अंश वाढतो, अळीचा आसरा मोडतो. हे यंत्र प्रत्येक शेतकरी घेऊ शकत नाही, पण भाड्याने बोलावू शकतो. चार-पाच पदवीधर मुले, त्यातल्या एकाच्या घरी ट्रॅक्टर, मुशारका पद्धतीने यंत्र, आणि तासाच्या हिशेबाने काम. ज्याला कुट्टी नको त्याची पऱ्हाटी उचलून ब्रिकेट कारखान्याला. २०२१ च्या केंद्रीय धोरणाने कोळशावरच्या वीजकेंद्रांना काही प्रमाणात शेतातल्या अवशेषांच्या गोळ्या जाळायला सांगितले आहे, त्यामुळे या मालाची मागणी पुढे राहील. फक्त एक काळजी घ्यायची. सुट्या पऱ्हाटीची ट्रॉली भरलेली दिसते, वजन थोडे असते. लांब नेली तर भाड्यातच पैसा जातो. म्हणून गिऱ्हाईक जवळचे हवे, किंवा माल शेतातच बारीक करून भरायला हवा.

आपाची मुलगी, भाच्याची बहीण, बारावीनंतर घरी होती. तिने दुसरा रस्ता धरला. सोयाबीनच्या भुसकटावर धिंगरी अळंबी चांगली येते. भुसकट भिजवायचे, निर्जंतुक करायचे, पिशवीत बियाण्यासह थर द्यायचे आणि अंधाऱ्या, ओलसर खोलीत टांगायचे. तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी होते. आमच्या उन्हाळ्यात हे जमत नाही. पावसाळा ते माघ हाच काळ. अळंबी टिकत नाही, म्हणून विक्री आधी ठरलेली हवी किंवा वाळवायची सोय हवी. उरलेले भुसकट खतात जाते. कृषी विज्ञान केंद्रांत याचे प्रशिक्षण मिळते. घराबाहेर नोकरीला पाठवायला जे आईबाप कचरतात त्यांनी निदान घरातली एक खोली मुलीच्या नावावर करून द्यावी, आणि तिचा नफा तिच्याच हातात ठेवावा.

मासळीच्या उरलेल्या भागाचेही असेच. तो गुळाबरोबर झाकून आंबवला की पिकाला देण्याचे द्रावण होते. शेतकरी अशा गोष्टींना पैसे देतो का, ही शंका ज्यांना असेल त्यांनी परभणीला जावे. तिथले कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्याचे बायोमिक्स नावाचे जैविक मिश्रण घ्यायला हळदवाले शेतकरी दुरून येतात. खात्रीचा माल आणि खरा सल्ला मिळाला तर शेतकरी नक्की विकत घेतो. विज्ञान शिकलेल्या मुलाने गावात हा दुवा होणे, हाही उद्योगच आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक मिळतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या धोरणाने विद्यार्थ्यांना शिकतानाच उद्योग सुरू करण्याची मोकळीक आणि महाविद्यालयांनी त्यांना साहाय्य करण्याची दिशा दिली आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. ग्रामपंचायतीची परवानगी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम आधी विचारून घ्यावेत. म्हणजे कागदाची बाजू अवघड नाही. अवघड आहे ती घरातली बाजू.

म्हणून ही विनंती मुलांपेक्षा त्यांच्या वडीलधाऱ्यांना आहे. मुलगा एखादी कल्पना घेऊन आला तर त्याला तीन प्रश्न विचारा. ही वस्तू आज कोण विकत घेतो आणि तू त्याला भेटलास का? यातून कुणाच्या पाण्याला, हवेला किंवा पोटाला इजा होते का? तोटा झाला तर तो कुणी आणि किती सोसायचा, हे लिहिले आहे का? या तिन्हींची उत्तरे त्याच्याजवळ असतील तर त्याला एक हंगाम द्या. लग्न, नोकरी, लोक काय म्हणतील, हे सगळे एक हंगाम थांबू शकते. मशिदीच्या कमिट्यांनी आणि गावातल्या सधन मंडळींनी जकातीशिवायही थोडे भांडवल मुदारब्याने तरुणांच्या हाती द्यावे. वर्षाला दोन मुले उभी राहिली तरी ते खूप आहे.

दुलाभाईंनी अजून पूर्ण होकार दिलेला नाही. पण यंदा पऱ्हाटी पेटवायची वेळ आली तेव्हा त्यांनी शेजाऱ्याला सांगितले की थांब, आमचा मुलगा कुट्टी यंत्राचे बघतो आहे. 'आमचा मुलगा' हे शब्द त्यांनी ज्या आवाजात उच्चारले तो आवाज आपाने मला फोनवर दोनदा वर्णन करून सांगितला. अल्लाह आपल्या मुलांच्या हातांत बरकत देवो आणि आपल्या मनांत सब्र. आमीन.